एक दिवस तेरला
(वैराग येथील मासिक बैठकीतील मनोगत)



आपण घराबाहेर कधी पडतो? लग्न, दवाखाना, बँक. नाहीतर पंढरपूर, तुळजापूर. नुसतं बघायला म्हणून कुठं जात नाही. "म्हशीची धार कोण काढणार?" इथंच गाडी अडते.

मी म्हणते, एक दिवस तेरला जाऊ. वाटेत बार्शीला भगवंताचं दर्शन होईल. तेर म्हणजे गोरोबाकाकांचं गाव. सातवाहनांच्या काळात याचं नाव तगर. इथला माल भडोच बंदरातून परदेशी जायचा. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जमवून जपल्या, त्यातून तिथलं संग्रहालय झालं. तिथं काय आहे? मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या बांगड्या. हस्तिदंताची दागिने ल्यालेली एक छोटी स्त्रीमूर्तीही आहे. तिच्यासारखीच मूर्ती इटलीतल्या पाँपेईत सापडली, आणि ते शहर इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं!

बघा, जपलं गेलं ते बाईमाणसाचं लेणं आणि लेकरांची खेळणी. आपल्या वेळ अमावस्येची आंबील, भज्जी, कडब्याची कोपीही तशीच जपायची आहे. म्हणून लेकीबाळींना संगं नेऊ.

आता धारेचं. दोन तुकड्या करू. पहिली गेली की दुसरीनं तिच्या म्हशी बघायच्या, मग उलट. बचतीला हात लावायचा नाही. महिन्याला 20 रुपये वेगळे काढू. भाकरी-चटणी घरची. संग्रहालय उघडं असल्याची आधी चौकशी करू.

पुढच्या बैठकीत नावं द्या. सुनांची द्या, सासवांचीही द्या.