पद एकाकडे, शब्द दुसऱ्याचा
(विक्रोळी येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गातील भाषण)

चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या दुसऱ्या पिढीच्या नेतृत्वावर मी बोलावे असे ठरले, तेव्हा कन्नमवार नगरातील एका साथीने मला विचारले, ‘विक्रोळीतल्या कामगाराला याचे काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मी चीनपासून नव्हे, तर एका सालापासून आरंभ करतो.

ते साल १९०४. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सेचवान प्रांतात डेंग झिआओ पिंग जन्मले, नोव्हेंबरमध्ये जुन्नरला एस. एम. जोशी आणि डिसेंबरमध्ये मुंबईत बी. टी. रणदिवे. तिघांनीही तुरुंग, भूमिगत जीवन किंवा रणांगण पाहिले, आणि तिघांनीही समाजवादाचेच नाव घेतले. मात्र ज्या संघटनांत ते वाढले त्यांची घडण निराळी होती, आणि माणसाच्या हातून पुढे काय घडते हे त्याच्या सद्‌गुणांइतकेच त्या घडणीवर अवलंबून असते.

डिसेंबर १९७८ मधील मध्यवर्ती समितीच्या बैठकीनंतर चीनची सूत्रे डेंग यांच्या हाती आली. पण पद कोणते? ते राष्ट्राध्यक्ष झाले नाहीत, पंतप्रधान झाले नाहीत, त्या काळात पक्षाचे सरचिटणीसही झाले नाहीत. सरचिटणीस होते हू याओबांग, पंतप्रधान झाओ झियांग. डेंग यांनी १९८१ पासून १९८९ पर्यंत स्वतःकडे महत्त्वाचे म्हणून राखले ते एकच पद : लष्करी आयोगाचे अध्यक्षपद. सैन्य ज्याच्या हाती, शेवटचा शब्द त्याचा, हे त्या पिढीने माओंकडून शिकलेले होते.

त्या राज्ययंत्रणेचा कागदी नकाशा फार सुबक आहे. पक्षाची महापरिषद मध्यवर्ती समिती निवडते. त्या समितीतून पॉलिट ब्यूरो, आणि पॉलिट ब्यूरोतून हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्यांची स्थायी समिती. अधिकार खालून वर चढत जातो असे घटना सांगते. प्रत्यक्षात कोणाला कोठे नेमायचे हे पक्षाचे संघटन खाते ठरवते, आणि खालच्याने वरच्याला निवडावयाचे म्हणजे वरून आलेल्या यादीला हात वर करावयाचा.

डेंग यांना हा रोग दिसत नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. ऑगस्ट १९८० मधील त्यांच्या भाषणात सत्तेचे अतिरेकी केंद्रीकरण, घराच्या कर्त्यासारखा कारभार आणि नेत्यांची तहहयात पदे या तिन्ही गोष्टींवर त्यांनी स्पष्ट बोट ठेवले. १९८२ च्या राज्यघटनेत राष्ट्राध्यक्षपदाला लागोपाठ दोनच कारकिर्दींची मर्यादा आली. त्याच वर्षी वृद्ध नेत्यांना मानाने बाजूला बसविण्यासाठी एक मध्यवर्ती सल्लागार आयोगही नेमण्यात आला. पक्षात चाळीस वर्षे काढलेल्यांसाठी ती जागा. पहिले अध्यक्ष स्वतः डेंग, १९८७ नंतर चेन युन.

निवृत्तांचे हे मंडळ निवृत्त मात्र झाले नाही. जानेवारी १९८७ मध्ये हू याओबांग यांना सरचिटणीसपद सोडावे लागले, ते याच वडीलधाऱ्यांच्या नाराजीमुळे. महत्त्वाच्या प्रश्नांत डेंग यांचा सल्ला घ्यावा असा ठराव त्याच वर्षी झाला, आणि तो जनतेपासून गुप्त ठेवण्यात आला. मे १९८९ मध्ये झाओ यांनी ही गोष्ट गोर्बाचेव्ह यांच्यापाशी उघड केली. दुसऱ्याच दिवशी, १७ मे रोजी, बीजिंगमध्ये लष्करी कायदा पुकारण्याचा निर्णय झाला, आणि तो कोठे झाला? झाओंच्या आठवणी सांगतात : डेंग यांच्या घरी. पक्षाचा सरचिटणीस विरोधात होता, त्याने काही अडले नाही. ४ जूनच्या पहाटेपर्यंत रणगाडे चौकात पोहोचले होते. झाओ पदच्युत झाले आणि जानेवारी २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत स्थानबद्धतेतच राहिले.

विद्यार्थ्यांची आठवण जग काढते. त्या वसंतात बीजिंगच्या कामगारांनीही आपली स्वतंत्र संघटना उभारली होती, आणि दडपशाहीत कठोर शिक्षा प्रामुख्याने कामगारांच्या वाट्याला आल्या, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. त्यांच्या हाती कायद्याचे कोणते शस्त्र होते? चीनच्या १९७५ च्या आणि १९७८ च्या घटनांत संपाचे स्वातंत्र्य लिहिलेले होते. सुधारणावादी म्हणून गाजलेल्या १९८२ च्या घटनेतून ते गाळले गेले. साथींनो, ते साल लक्षात घ्या. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. आपला संप मोडला गेला, गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. पण संपाचा हक्कच येथे कायद्यातून पुसला गेला नाही. कामगारांच्या नावाने चाललेल्या राज्याला मात्र ते साधले.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. मुंबईने या देशाला कम्युनिस्टांची एक पिढीच्या पिढी दिली : श्रीपाद अमृत डांगे, रणदिवे, बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले गंगाधर अधिकारी. गिरणी कामगार युनियन, १९२८ चा संप, मीरतचा खटला : या माणसांच्या त्यागाबद्दल शंका घेणे कृतघ्नपणाचे ठरेल. आपले त्यांच्याशी भांडण त्यागाचे नव्हते, घडणीचे होते.

रणदिवे १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात सरचिटणीस झाले आणि पक्ष उठावाच्या मार्गाला लागला. १९४९ मध्ये त्यांनी माओंच्या सिद्धान्तांवरही जाहीर टीका केली. जानेवारी १९५० मध्ये कॉमिनफॉर्मच्या मुखपत्राने चीनच्या मार्गाची भलावण केली, आणि काही महिन्यांतच रणदिवे यांचे पद गेले. त्यांचे धोरण चुकीचे होते असे माझेही मत आहे. पण ते चुकीचे आहे हे परळच्या कामगाराला आधीच कळले असेल, तर ते बोलण्याची जागा त्याला पक्षात नव्हती. आणि बदल घडला तो परदेशातील अग्रलेखाने.

डांगे यांची कथा अधिक बोलकी आहे. १९६२ मध्ये अजय घोष निवर्तले, दोन गटांत एकमत होईना, तेव्हा पक्षात अध्यक्ष हे नवेच पद निर्माण करून ते डांगे यांना देण्यात आले आणि नंबुद्रिपाद सरचिटणीस झाले. माणसाच्या मापाने पद शिवले की पुढे काय होते ते लवकरच दिसले. १९२४ साली तुरुंगातून लिहिली गेली असे सांगितली जाणारी काही पत्रे १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती बनावट असल्याचे डांगे म्हणाले. ११ एप्रिल १९६४ रोजी राष्ट्रीय परिषदेतून ३२ सभासद बाहेर पडले. पत्रे खरी की खोटी, यात मी शिरत नाही. ज्याच्याविषयी चौकशी करावयाची त्यानेच सभेचे अध्यक्षस्थान भूषवावे काय, हा त्या दिवशीचा साधा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर देण्याची रीतच त्या पक्षाजवळ नव्हती. पुढे १९८१ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, स्वतः डांगे यांचीच पक्षातून हकालपट्टी झाली. पक्षाच्या स्थापनेपासून राबलेल्या माणसाला घरी जाण्याची दुसरी वाट कोणी ठेवलीच नव्हती.

आणि आपण? आपल्याकडे रोग उलटा. त्यांची माणसे उठत नसत, आपली बसत नसत. जयप्रकाशजींनी १९५४ मध्ये सर्वोदयाला जीवनदान केले, अच्युतरावांनी त्याआधीच राजकारण सोडले. जे उरले ते फुटत, जुळत आणि पुन्हा फुटत राहिले. एसेम यांच्याजवळ लष्करी आयोग नव्हता, गुप्त ठराव नव्हता. संयुक्त महाराष्ट्र समितीत डांगे यांच्यासारख्या माणसाशेजारी बसून, अनेक पक्षांची मोट त्यांनी केवळ विश्वासाच्या बळावर बांधली. राज्य आले आणि मोट सुटली. केवळ विश्वासावर उभारलेली संघटना विश्वासू माणसाबरोबरच संपते, हे आपण कबूल केले पाहिजे. याच उपनगरात डॉ. दत्ता सामंत यांच्या शब्दावर हजारो कामगार कारखान्याबाहेर पडत. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत त्यांची हत्या झाली, आणि तसा शब्द देणारा दुसरा कोणी उरला नाही.

चीनमधील सल्लागार आयोग १९९२ मध्ये बरखास्त झाला. राष्ट्राध्यक्षपदाची दोन कारकिर्दींची मर्यादा मार्च २०१८ मध्ये काढून टाकण्यात आली. दोन हजार नऊशेंहून अधिक प्रतिनिधींपैकी विरोधात मते पडली दोन. डेंग यांनी घातलेले कुंपण इतके सहज उपटले गेले, कारण ते घालताना त्यांनी स्वतःच ते पाळले नव्हते, आणि ते राखण्याचा अधिकार कुंपणाबाहेरच्या कोणालाही दिला नव्हता.

आता कन्नमवार नगरातील साथीच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या विभाग समितीची निवडणूक जवळ आली आहे. नेहमीप्रमाणे नावांची यादी आधीच तयार झाली असून ती एकमताने संमत व्हावी अशी अपेक्षा आहे. त्या यादीत माझे नाव आहे. यापूर्वीच्या चार याद्यांतही होते. मी ते मागे घेत आहे. सल्लागार वगैरे म्हणून कोठेही बसणार नाही. गुप्त मतदान घ्यावे, आणि जमाखर्चाची वही मतदानाआधी आठ दिवस कार्यालयात सर्वांना पाहण्यासाठी ठेवावी, अशी लेखी सूचना मी चिटणिसांकडे दिली आहे. तिच्यावर अनुमोदक म्हणून अजून कोणाची सही झालेली नाही. कागद त्या टेबलावर आहे.