उथळ सागरातील ध्वनी आणि किनाऱ्याचे अर्थकारण



समुद्राच्या पाण्यात प्रकाश व रेडिओलहरी थोड्याच अंतरात शोषल्या जातात. त्यामुळे पाण्याखाली दूरवर वेध घेण्याचे प्रमुख साधन म्हणजे ध्वनी. हवेत त्याचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर समुद्रात सुमारे १,५०० मीटर असतो. उष्ण सागरात तापमान एका अंशाने वाढल्यास हा वेग दोन ते तीन मीटरने वाढतो. क्षारता आणि खोली यांच्या वाढीबरोबरही तो वाढतो. ध्वनिलहर मात्र कमी वेगाच्या थराकडे वळते.

समुद्रबूड जमिनीवर खोली साधारणतः २०० मीटरपेक्षा कमी असते. तेथे ध्वनी पृष्ठभाग व तळ यांवर वारंवार आदळत पुढे सरकतो. चिखलाचा तळ ऊर्जा शोषतो, खवळलेला पृष्ठभाग ती विखुरतो. दुपारी वरचा थर तापला की ध्वनी खाली तळाकडे वळतो. सकाळी दूरवर वेध घेणाऱ्या सोनारचा पल्ला त्यामुळे घटतो.

ऋतू आणि प्रदेश यांनुसारही चित्र बदलते. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात केरळ-कर्नाटक किनाऱ्याजवळ खालचे थंड पाणी वर येते. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यामुळे वरच्या थराची क्षारता कमी होते. म्हणून दोन्ही किनाऱ्यांना एकच गणित लागू पडत नाही.

बंदरे, मासेमारी आणि १९७४ मध्ये तेल सापडलेले मुंबई हाय क्षेत्र याच उथळ पट्ट्यात आहेत. जहाजांच्या यंत्रांचा गोंगाट आणि तळावरून परतणारे प्रतिध्वनी यांच्या आड पाणबुडीला लपणे सोपे जाते. कोची येथील नौदल भौतिक व सागरविज्ञान प्रयोगशाळा या विषयावर संशोधन करते. तिचे 'सागरध्वनी' हे संशोधन जहाज १९९४ मध्ये सेवेत आले. उथळ पाण्यातील पाणबुडीविरोधी १६ नौकांच्या मालिकेतील पहिली, 'आयएनएस अर्नाळा', १८ जून २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. वसईजवळील सागरी किल्ल्याचे नाव तिला दिलेले आहे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सागरी मापनाची माहिती ही सार्वजनिक वस्तू होय. एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. मोजणीचा खर्च मात्र मोठा असतो. साहजिकच खाजगी गुंतवणूक अपुरी पडते आणि ही जबाबदारी शासनावर येते. जहाजांचा गोंगाट हे याउलट बाह्य परिव्ययाचे उदाहरण आहे: ध्वनीच्या आधारे भक्ष्य शोधणाऱ्या डॉल्फिनला त्याची किंमत मोजावी लागते, जहाजमालकाच्या हिशेबात ती येत नाही. सागरी विकासाच्या धोरणात या दोन्ही बाबींची नोंद घ्यावी लागेल.