पाण्यातील नत्र आणि वनस्पतींचे पोषण

चेन्नईतील तिरुवल्लिकेणी या वस्तीचे नाव एका पाणवनस्पतीवरून पडले आहे. तमिळ भाषेत ‘अल्ली’ म्हणजे कुमुद आणि ‘केणी’ म्हणजे तळे. ‘तिरु’ हा आदर दाखविणारा शब्द. पार्थसारथी मंदिरासमोरील तळ्याचे कैरविणी हे संस्कृत नावही कुमुदाचेच आहे. इंग्रजांनी या नावाचे ‘ट्रिप्लिकेन’ केले तेव्हा त्यातील फूल हरवले. या तळ्यात मासे राहत नाहीत, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. तिचा खरेखोटेपणा बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच: मासे नसतील तर कुमुदाला नत्र कोठून मिळावे? तळ्यात ते गाळातून, कुजणाऱ्या पानांतून आणि पावसाच्या ओघळांतून मिळते. घरातील काचेच्या टाकीत मात्र ते मुख्यतः माशांना घातलेल्या खाद्यातूनच येते.

लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही फितीसारख्या पानांची वनस्पती एकत्र ठेवली. कुजलेल्या पानांनी पाणी गढूळ झाले, तेव्हा त्याने त्यात गोगलगाई सोडल्या. वनस्पती प्राणवायू देतात, मासे तो घेतात, एवढाच हिशेब त्या काळी मांडला जाई. नत्राच्या हिशेबातील महत्त्वाचा दुवा विनोग्राडस्की याने १८९० च्या सुमारास नायट्रीकरण करणारे जिवाणू वेगळे केले तेव्हा हाती आला.

माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात, आणि हौशी माणसाचे मासे बहुधा याच काळात मरतात. दोष मात्र नायट्रेटला दिला जातो. वास्तविक अमोनिया व नायट्राइट यांच्या तुलनेने नायट्रेट माशांना पुष्कळच सौम्य असते.

वनस्पतींच्या दृष्टीने तर ते अन्नच आहे. अनेक पाणवनस्पती अमोनियम आधी घेतात, कारण नायट्रेटचे अमोनियममध्ये रूपांतर करण्यास त्यांना ऊर्जा खर्चावी लागते; परंतु तेही त्या वापरतात. नत्र कमी पडले की जुनी पाने पिवळी पडतात, कारण वनस्पती त्यांतील नत्र काढून कोवळ्या पानांकडे पाठविते. लोह असे सहज हलत नाही. त्याची उणीव नव्या पानांत दिसते. पान कोठले फिके पडले, हे पाहिल्याशिवाय खताची बाटली उघडू नये. शेतकऱ्याला परिचित असलेला नियम येथेही लागू आहे: स्फुरद, पालाश किंवा प्रकाश तोकडा असेल, तर जास्त नत्राने वाढ होत नाही. न वापरलेले नत्र मग शेवाळाच्या उपयोगी पडते. उलट नायट्रेट अगदी संपविले, तरी शेवाळापासून सुटका होतेच असे नाही. काही नील-हरित शेवाळे हवेतील नत्रही बांधून घेतात.

नायट्रेट वाढले की पाणी बदलावे, हा सल्ला साधारणपणे योग्य आहे. पण जुन्या, दाट वस्तीत जमिनीखालच्या गटारांतून झिरपणाऱ्या मैल्यामुळे विहिरीच्या पाण्यातच नायट्रेट असू शकते. तसे असेल, तर पाणी बदलल्याने ते कमी होण्याऐवजी वाढेल. म्हणून टाकीच्या आधी विहीर तपासावी. तपासणीचा आकडा नायट्रेटचा आहे की त्यातील केवळ नत्राचा, हेही विचारून घ्यावे. १० मिलिग्रॅम नत्र म्हणजे सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे. त्याहून अधिक असलेले पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मिसळणे धोक्याचे आहे, कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते.

तळ्याच्या खोल गाळात, जेथे प्राणवायू पोचत नाही, तेथे दुसरेच जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून तो हवेत सोडतात. टाकीतील वाळूच्या पातळ थराकडून ही अपेक्षा फारशी करता येत नाही. तेथे नत्र बाहेर काढण्याचे काम कात्रीला करावे लागते. छाटलेली पाने पाण्यातच राहू दिली, तर ती कुजून घेतलेले नत्र परत करतात. ती काढून कुंडीतल्या मातीत पुरली, तर तेच नत्र तुळशीला मिळते.