जुना फोटो टाकू नका

कवठे येमाई, टाकळी हाजी, मलठण, सविंदणे या भागातून माणसं छाती दाखवायला येतात, तेव्हा पिशवीत नवाकोरा सीटी स्कॅन असतो. जुना एक्स-रे मात्र नसतो. माझं आजचं मागणं तेवढंच आहे: जुना फोटो टाकू नका.

फुप्फुसात दोन-अडीच सेंटिमीटरचा गोल डाग दिसला की घरात कॅन्सरचं नाव निघतं आणि चूल थंड पडते. अहो, आपल्याकडे तसा डाग बऱ्याचदा क्षयाचा असतो. कधी बरा होऊन कॅल्शियम साठलेला, कधी गाठ होऊन बसलेला. त्या गाठीला ट्युबरक्युलोमा म्हणतात. कधी न्यूमोनिया पुरता विरलेला नसतो, कधी क्षयाच्या जुन्या पोकळीत बुरशीचा गोळा असतो. पेट स्कॅनमध्ये डाग उजळला म्हणूनही कॅन्सर ठरत नाही. त्या स्कॅनसाठी टोचलेली साखर चालू क्षयही तशीच ओढून घेतो.

कांद्याच्या वावरात पिवळा पट्टा दिसला, तर बांधावरून काय कळतं? करपा असेल, फुलकिडे असतील, पाणी साचलं असेल. तुम्ही आधी विचारता, मागच्या आठवड्यात पट्टा केवढा होता? मग आत उतरून रोप उपटता, मुळी बघता. स्कॅन म्हणजे बांधावरून बघणं. मागच्या आठवड्याचा पट्टा म्हणजे तुमचा जुना फोटो. रोप उपटणं म्हणजे सुईनं काढलेला तुकडा. डॉक्टरांनी तो सांगितला, तर सुईनं रोग पसरेल या भीतीपायी टाळू नका.

पुन्हा सांगतो, जुना फोटो टाकू नका. भरीव डाग २ वर्षं तेवढाच राहिला असेल, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. हा पुरावा तुमच्या ट्रंकेत असतो आणि तुम्ही तो ग्रहण बघायला पोरांच्या हाती देता! त्यानं डोळेही जातात. आता फोटो मोबाइलवर येतो. मग सीडी मागून घ्या, पाकिटावर तारीख घाला.

उलटही घडतं. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी क्षयाच्या गोळ्या चालू राहतात आणि आत कॅन्सर वाढतो. थुंकीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते, ती आधी करा. गोळ्या घेऊनही वजन उतरत असेल, खोकल्यातून रक्त पडत असेल, तर गप्प बसू नका, परत या. आणि वर्षानुवर्षं बिडी ओढणाऱ्यांनी माझ्या बोलण्यावर निर्धास्त राहू नये. त्यांच्या डागाचा हिशेब वेगळा, त्याला आज वेळ पुरणार नाही. त्यांनी नवा-जुना फोटो घेऊन याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांना गाठावं.