चित्राची मागची बाजू



फळ्यावर आजचा विषय वाचून काहीजण हसले असतील. कुत्र्याचं, बैलाचं चित्र काढून घ्यायचं, चौकटीत बसवायचं आणि नातवंडांच्या हवाली करायचं, ही शहरातली हौस वाटते. पण जनावराची प्रतिमा घरात जपून ठेवायची चाल आपल्याकडे जुनी आहे. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आठवा. घोड्यावर देव, सोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रा. दोन-तीन पिढ्या घासून-पुसून त्या कुत्र्याचं नाक गेलेलं असतं, पण तो ओळखू येतो.

हा टाक घडतो कसा? धातूच्या ठशावर चांदीचा पातळ पत्रा ठेवून ठोकायचा, की त्यावर आकृती उमटते. तो पत्रा इतका पातळ की नुसता ठेवला तर बोटानं चेपेल. म्हणून मागच्या पोकळीत लाख भरतात आणि पाठीला तांब्याचा पत्रा लावतात. आपण हळद-कुंकू वाहतो चांदीला, पण चांदीला उभं धरते ती लाख. आज मला जे सांगायचं आहे ते एवढंच: चित्र बघायला आलात की आधी ते उलटं करा.

पेठ तालुक्यात जनावराची दुसरी एक प्रतिमा आहे, ती घरात नसून शिवारात असते. वाघदेव. लाकडाच्या फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, कुठे नाग. वाघबारशीला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, गुराखी पोरं त्याला पुजतात, शेंदूर लावतात. अस्सल शेंदूर म्हणजे शिशाची भस्मासारखी पूड. तेलात कालवून तीच एकेकाळी लोखंडी पुलांना गंज लागू नये म्हणून लावत. म्हणजे रंगशास्त्राचं एकही पुस्तक न उघडता आपल्या माणसांनी लाकडाला तैलरंगाचं कवच चढवलं होतं. फक्त त्यात एक गोम आहे. थरावर थर चढला की कवच टिकतं आणि कोरीवकाम दिसेनासं होतं. याच जिल्ह्यातल्या सप्तशृंगगडावर २०२२ साली देवीच्या मूर्तीवरचा पिढ्यांचा शेंदूर तज्ज्ञांकडून उतरवला, तेव्हा आतलं मूळ रूप लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

वाघदेव मात्र कुजला तरी फारसं बिघडत नाही. नवी फळी कोरायची, नवा देव बसवायचा. कारण तो अमुक एका वाघाचा चेहरा नाही. तुमचा सर्जा बैल मात्र एकच होता. त्याच्या डाव्या शिंगाचा बाक, कपाळावरचा चांद, हे दुसऱ्यांदा कोरता येत नाही. म्हणून व्यक्तिचित्राला, मग ते माणसाचं असो की बैलाचं, टिकाऊपणाची जबाबदारी जास्त.

एकाच जनावराचं चित्र किती टिकू शकतं? जहांगीर बादशहाकडे १६२१ साली एक झेब्रा आला. अंगावरचे पट्टे कुणी रंगवून तर दिले नाहीत ना, अशी शंका दरबारात निघाली. उस्ताद मन्सूरनं त्याचं चित्र काढलं, ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षं झाली, पट्टे जागच्या जागी. त्या काळच्या चित्रकारांची पद्धत बघा. हातकागदाचे अनेक ताव खळीनं एकावर एक चिकटवून पुठ्ठा करायचा, त्याला वसली म्हणतात. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद. मग अकीकाच्या दगडानं घोटून कागद गुळगुळीत करायचा. रंग डिंकात खललेले, कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा. चिंध्या-तागाचा असा कागद आपल्या जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होत असे. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद वर्तमानपत्रासारखा पिवळा पडतो. चिंध्यांचा पडत नाही. पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून तसा कागद करते आहे.

आता पेठची गोष्ट. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो सगळा चार महिन्यांत. तैलचित्राचा खरा परीक्षक इथे पाऊसच. कॅनव्हासवर थेट तेल लावलं तर तेलातल्या आम्लानं कापड कुजतं, म्हणून आधी सरस लावायची जुनी रीत. पण सरस म्हणजे कातड्याचा अर्क. आषाढात तो ओल शोषून फुगतो, वैशाखात आक्रसतो. वरचा रंग तोवर कडक झालेला असतो, त्याला ही ओढाताण सोसत नाही आणि तडे जातात. म्हणून इथल्या घरासाठी मी सरसाचा कॅनव्हास सुचवत नाही. अ‍ॅक्रिलिकचं अस्तर दिलेला कॅनव्हास घ्या, किंवा त्याहून बरं, कडा नीट बंद केलेली चांगली प्लायवुडची फळी घ्या. दिसायला साधी, पण फळी हलत नाही.

रंगाचं म्हणाल तर जनावरं नशीबवान आहेत. बैलाचा तांबूस, कुत्र्याचा खाकी, घोड्याचा बदामी, हे सगळे रंग गेरू, काव, रामरज या मातीच्या रंगांतून निघतात. लोहाची ही माती आधीच गंजलेली. उन्हानं तिचं आणखी काय वाकडं होणार? धोका असतो तो शृंगारात. पोळ्याच्या बैलाचं चित्र सांगताना लोक झूल, गोंडे, बाशिंग सगळं मागतात. झुलीचा गुलाबी-किरमिजी रंग स्वस्तातला असेल तर वीस-पंचवीस वर्षांत बैल राहतो आणि झूल उडते. सोनेरी बेगड पितळेच्या पुडीनं रंगवली तर ती काळी-हिरवी पडते. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक आणि प्रकाशात टिकण्याची प्रत छापलेली असते. चित्रकाराला ती विचारा. तो चिडला तर दुसरा चित्रकार बघा.

काळ्या कुत्र्याबद्दल थोडं. काळं जनावर काळ्या रंगानं रंगवलं की भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. ओसरीवर बसलेल्या काळ्या कुत्र्याच्या पाठीवर आभाळाची निळाई असते, पोटाखाली अंगणातल्या मातीची तांबूस छटा असते. चांगला कारागीर आधी हे गडद-फिके पट्टे मांडतो, केस सगळ्यात शेवटी, तेही सगळीकडे नाही. प्रत्येक केस मोजून काढलेला कुत्रा ब्रशासारखा दिसतो.

आणि फोटो नीट द्या. मोबाइल तोंडाजवळ नेऊन काढला की नाक भोपळ्याएवढं आणि कान चिमुकले येतात. चित्रकार बिचारा तेच उतरवतो, मग घरचे म्हणतात, हा आमचा मोत्या नव्हे. चार पावलं मागे जा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसा, ऊन थेट नको.

घाईही नको. पोळ्याला चित्र हवं म्हणून लोक श्रावणात येतात. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. हाताला आठवड्यात कोरडं लागतं, पण वार्निश सहा महिन्यांआधी देऊ नये. खालचा थर पातळ, वरचा तेलकट, हा क्रम मोडला तर वरचा आधी वाळतो आणि भेगाळतो.

हल्ली मोबाइलवरचा फोटो तैलचित्रासारखा करून कॅनव्हासवर छापून देतात. छापील घ्यायला हरकत नाही, त्याला हाताचं म्हणून पैसे देऊ नका. भिंग लावा, बारीक ठिपके दिसले की समजा. छापीलच हवं असेल तर शाई रंगद्रव्याची मागा. साधी शाई खिडकीसमोर लवकर विटते.

चौकटीचं शेवटी. लोक सोनेरी पट्टीवर हात सैल सोडतात आणि आत खोक्याचा पुठ्ठा चालवून घेतात. त्या पुठ्ठ्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि कडेनं तपकिरी रेघ धरते. काच चित्राला टेकू देऊ नका, नाहीतर पावसाळ्यात बुरशी दोघांना चिकटवून टाकते. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर चित्र लावू नका. लावायचंच झालं तर चौकटीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मधून हवा खेळते आणि वाळवी आली तरी वेळेत दिसते.

मागच्या बाजूला जनावराचं नाव, गाव, साल आणि चित्रकाराचं नाव लिहा. शिसपेन्सिलीनं, बॉलपेननं नाही. चिकटपट्टीही नको, तिचा डाग आरपार येतो. जुन्या वाड्यांतून दुरुस्तीला आलेल्या चित्रांत माणसांची नावं बहुधा असतात. घोडा कुणाचा, त्याला काय म्हणत, हे सांगणारं कुणी उरलेलं नसतं.

टेबलावर दोन प्रकारचे कागद, अस्तर दिलेली फळी आणि एक फाटलेलं जुनं चित्र ठेवलं आहे, पालथं. पुढे येऊन बघा, हात कोरडे असू द्या. प्रश्न असतील ते तिथेच बोलू.