टाचेचे चित्र आणि टाचेचे दुखणे

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्यामुळे फौजेची ओढ या सीमाभागात घरोघरी मुरलेली आहे, आणि निपाणीपासून खानापूरपर्यंत भल्या पहाटे रस्त्यांवर धावणारी तरुण मुले बहुधा भरतीच्याच तयारीत असतात. त्यांपैकी एखाद्याची टाच धरली, की एमआरआयचा इंग्रजी अहवाल हाती पडतो आणि त्यातल्या एखाद्या शब्दाने सारे घर धास्तावते. म्हणून त्या चित्राचा अर्थ कसा लावावा, याविषयी आज चार शब्द सांगतो.

पोटरीला टाचेशी जोडणारी जी जाड कंडरा घोट्यामागे चिमटीत सापडते, ती निरोगी असता चित्रात काळीभोर दिसते. आडव्या छेदात तिची पुढली कड सपाट वा किंचित खोलगट असते आणि जाडी ६ मिलिमीटरच्या आसपास भरते. ती कड फुगली आणि काळ्यात करड्या छटा उतरल्या, तर तंतूंची झीज समजावी. ही झीज बहुधा टाचेच्या वर २ ते ६ सेंटिमीटरच्या टापूत होते, कारण तेथे रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. तथापि तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांनी कलले असता निरोगी कंडराही काही चित्रांत उजळते, आणि टी-टू प्रकारच्या चित्रात तो उजळपणा उरत नाही, एवढे पडताळल्याविना निदानावर शिक्कामोर्तब करू नये.

धावणाऱ्या मुलाच्या बाबतीत मला अधिक काळजी वाटते ती हाडाची. कूच करणाऱ्या सैनिकांच्या पावलांचे दुखणे प्रशियन फौजेतील शल्यवैद्य ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ साली, म्हणजे क्ष-किरणांच्या शोधाच्या ४० वर्षे आधी, नोंदले होते. त्या दुखण्याचे मूळ हाडाला ताणाने पडणाऱ्या चिरेत होते, आणि टाचेतील अशी चीर आरंभी क्ष-किरणांनाही बहुधा दिसत नाही. एमआरआयमध्ये मात्र मज्जेतील सुजेच्या पांढुरक्या डागात काळी रेघ उमटते. दोन्ही बाजूंनी तळहातांत टाच दाबताच मुलगा कळवळला, तर प्रथम ही रेघ शोधावी आणि त्याचे धावणे तत्काळ थांबवावे, भरती कितीही जवळ आलेली असो. उलट, टाचेखाली वाढलेल्या ज्या हाडाने लोक घाबरतात, ते मुळीच न दुखणाऱ्या पुष्कळ टाचांतही सापडते.

आणखी एक खूण माझ्या मते अहवालात आवर्जून वाचावी अशी आहे. दोन्ही पायांच्या कंडरा सारख्याच जाड झाल्या असतील, तर रक्तातील कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे. कारण ऐन तारुण्यात हृदयविकार ओढवणारा एक आनुवंशिक दोष कधी कधी प्रथम टाचेपाशीच प्रकट होतो, आणि तो आढळल्यास आईवडिलांचे व भावंडांचेही रक्त तपासणे जरूर ठरते.