जखमीचं गोत्र



ढाणकी-उमरखेडच्या मंडळींना आज जखमी या झुडपाचं कुळ सांगायचं आहे. दख्खनभर हे कुंपणाला लावतात. पान अरुंद, चकचकीत, चोळलं की बोटांना चिकटणारं. पाला ठेचून जखमेवर बांधत, म्हणून नाव जखमी. कोणी 'दवा का झाड'ही म्हणतात. फुलाला पाकळ्याच नाहीत, त्यामुळे ते नजरेत भरत नाही. फळ मात्र भरतं. कागदासारखे दोन-तीन पातळ पंख, पिकताना लालसर होणारे.

या पंखांनी वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या खुद्द लिनियसला चकवलं. 1753 साली त्यानं जखमीला अमेरिकेतल्या 'टेलिया' या झाडाच्या घरात बसवलं, कारण टेलियाचं फळही पंखांचंच. पण टेलिया पडलं संत्र्या-लिंबाच्या कुळातलं! लगेच 1754 मध्ये लंडनच्या चेल्सी बागेतल्या फिलिप मिलरनं 'डोडोनिया' ही वेगळी प्रजाती मांडली. सोळाव्या शतकातले वैद्य आणि वनस्पतीतज्ज्ञ रेम्बर्ट डोडोन्स यांच्या नावानं. पुढे 1760 साली वनस्पतीतज्ज्ञ जॅक्विननं आपल्या झुडपाला 'डोडोनिया व्हिस्कोसा' म्हटलं. व्हिस्कोसा म्हणजे चिकट. शास्त्रज्ञाला चिकटपणा दिसला, आपल्या माणसांना औषध. मला आपलंच नाव अधिक कामाचं वाटतं.

आता खरं कुळ ऐका: रिठ्याचं. विदर्भाच्या जंगलातला, लाखेचे किडे पोसणारा कुसुम याचा भाऊबंद. बांधावर चढणारी, फुग्यासारख्या फळांची कपाळफोडीही त्यातलीच. एक वृक्ष, एक वेल, एक झुडूप! अंगकाठी पाहून हे नातं कुणी जुळवलं नसतं. त्यासाठी फूल, फळ, बी उघडून पाहावं लागतं.

या प्रजातीत सत्तरेक जाती, बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या. तिथं वसाहतीला आलेल्या गोऱ्यांनी बिअरमध्ये हॉप या वनस्पतीऐवजी हीच फळं घातली, म्हणून इंग्रजीत ती हॉपबुश. व्हिस्कोसा मात्र साऱ्या उष्ण प्रदेशांत पसरली. कुठं पान रुंद, कुठं सुईसारखं, आणि प्रत्येक पानागणिक नवं नाव देण्याची हौस. 1824 मध्ये वनस्पतीतज्ज्ञ द कांदोलनं भारतातल्या झुडपाला 'बर्मानियाना' अशी निराळी जात ठरवलं होतं. आज ते व्हिस्कोसातच धरतात. जुन्या ग्रंथात ते नाव भेटलं तर दुसरं झाड शोधत फिरू नका, ते कुंपणावरचंच आहे.